बुर्णूची पाठ

स्नेहलनं फाटकाची कडी काढली आणि बुर्णू रडला. भुंकला नाही, केकाटला नाही, सरळ रडला. नाकातून, सूर धरून. मग जमिनीला पोट घासत तिच्यापर्यंत गेला, उडाला, तिच्या ओढणीत अडकला, सुटला, अंगणाला तीन फेऱ्या मारून परत आला, तिची हनुवटी चाटली, कान चाटला आणि शेवटी आनंद मावेना म्हणून तिच्या नव्याकोऱ्या बुटावर मुतला. स्नेहल हसत होती, डोळे पुसत होती आणि ‘नाही विसरलास रे, नाही विसरलास’ असं त्याच्या मानेत तोंड खुपसून म्हणत होती. महिपती पायरीवर पेपर घेऊन बसला होता. त्याच्या छातीत, अगदी मधोमध, काहीतरी बारीकसं हललं. जिना उतरताना अजून एक पायरी आहे अशा समजुतीनं पाय टाकावा आणि सपाट जमीन लागावी, तेवढाच धक्का. बाहेरून दिसलं ते एवढंच, की त्यानं पेपरची घडी घातली आणि पुन्हा उलगडून तेच पान काढलं.

लीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि सगळ्यात शेवटी नवऱ्याकडे. “आवो,” ती म्हणाली, “तीन वर्सं त्याला भाकर चुरून तुमी घातली. तुमी बाजारातनं आल्याव उटून तरी बसतंय का ते?” तिच्या मनात वाईट नव्हतं. तिला थट्टा करायची होती, पण थट्टेत खरं बोलून जायची तिची खोड लग्नापासूनची होती. महिपतीनं पान उलटलं. “तिचाच कुत्रा आहे तो,” तो म्हणाला. “तिलाच ओळखणार.”

हे वाक्य त्याच्याकडे तीन वर्षं तयार होतं. घराजवळच्या सोमाटण्याच्या टोलनाक्यापाशी खोक्यात ठेवलेलं पिल्लू स्नेहलनं उचलून आणलं, त्याचं नाव ब्रूनो ठेवलं आणि आठ महिन्यांत लग्न होऊन ती ओंकारबरोबर बंगळूरला गेली. लीलाबाईच्या जिभेला ब्रूनो पेलेना, ती बुर्णू म्हणायची. हळूहळू आळीनं, दूधवाल्यानं आणि खुद्द कुत्र्यानंही तेच नाव धरलं. जाताना स्नेहल म्हणाली होती, बाबा, थोडे दिवस सांभाळा. महिपती म्हणाला होता, सांभाळतो, पण कुत्रा तुझा. तळेगावच्या जनावरांच्या डॉक्टरकडे लसीचं कार्ड करताना मालकाच्या रकान्यात त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, स्नेहल. दुसऱ्याची वस्तू दुसऱ्याच्या नावावर असावी, म्हणजे नंतर कटकट नाही. आता थोडे दिवस संपले होते. नवराबायको दोघांनाही घरी बसून काम करायची परवानगी मिळाली होती, लोणावळ्याला अंगणाचं घर भाड्यानं घेतलं होतं, आणि उद्या, रविवारी, ब्रूनोला घेऊन जायचं म्हणून ती आली होती. फोनवर तिनं दोनदा विचारलं होतं, बाबा, तुम्हाला चालेल ना? आणि महिपतीनं दोनदा सांगितलं होतं, मला काय, तुझाच आहे.

महिपतीनं बावीस वर्षं नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात काढली होती. गेटच्या आत काचेची खोली, तिच्यात तो, त्याच्यापुढं मस्टर. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, कुणाला लेट मार्क, कोण हजेरी लावून मागच्या तारेखालून पसार झाला, हे सगळं त्याच्या हाताखालून जायचं. माणसाचं आणखी काही त्याला ठाऊक नसलं तरी चालायचं. पुढं पुढं ते चालतच गेलं. निवृत्त झाला, काच गेली, पण मस्टर डोक्यात राहिलं, आणि त्यात आता भरायला एकच कामगार उरला होता. बुर्णूची त्यानं मनात जी नोंद ठेवली होती ती काही बरी नव्हती. मालक बाहेरून आला, तर कामगार पडल्या जागेवरून शेपटी दोनदा आपटतो. तिसऱ्यांदा नाही. मालक पायरीवर बसला, तर शेजारी येतो, पण तोंड समोर करून कधी बसत नाही. पाठ करतो, आणि वर ती पाठ मालकाच्या नडगीला टेकवून अख्खा भार टाकतो, जणू हा माणूस नसून भिंत आहे. मालकानं जांभई दिली की हाही देतो, मोठी, आवाज काढून. ही नक्कलच म्हणायची. मालक न्हाणीघरात गेला की दाराशी येऊन बसतो, पहारेकऱ्यासारखा, जसं काही आतून साबण पळवला जाणार आहे. मालकाच्या चपलांवर झोपतो, मग ऊठ म्हटलं तर उठत नाही. आणि दिवसातून एकदा तरी, मालक काही करत नसताना, त्याच्याकडे अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बघून एवढा लांब सुस्कारा सोडतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं आयुष्य या घरात फुकट गेलं.

जेवणं झाल्यावर सगळे पांगले. स्नेहल आईजवळ जाऊन पडली, ओंकार गाडीत काहीतरी शोधत बसला. महिपती नेहमीसारखा पायरीवर आला आणि बुर्णू स्नेहलच्या उशापासून उठून, आळस देत, येऊन त्याला पाठ लावून बसला. आता कशाला, असं महिपतीला वाटलं. तुझी माणसं आत आहेत. त्यानं पाय जरा बाजूला घेतला. कुत्रा तेवढाच सरकला आणि पुन्हा टेकला. फेब्रुवारीतलं ऊन होतं, कोवळं म्हणता येणार नाही आणि कडकही नाही. जुन्या हायवेवरून ट्रकचे गिअर बदलल्याचे आवाज येत होते. महिपतीला का कोण जाणे भिमाजी आठवला. पत्रे दाबायच्या प्रेस शॉपमधला भिमाजी, उंच, तोंडानं मुका म्हणावा असा. बाकीचे कामगार काचेपाशी थांबायचे, साहेब बरं आहे का, साहेब पोरगी पास झाली का, साहेब आज पाच मिनिटं झालीत, बघा जरा. भिमाजी अठरा वर्षांत एकदाही नमस्कार न करता आत गेला. प्रेसवर काम करताना अंगावर अंगठी-घड्याळ चालत नसे. तो येता येता काचेच्या फटीतून हात घालायचा, घड्याळ आणि लग्नातली अंगठी महिपतीच्या टेबलावर ठेवायचा आणि निघून जायचा. सुटताना उचलायचा. कधी म्हणाला नाही, लक्ष ठेवा. कधी उचलल्यावर तपासून पाहिलं नाही. महिपतीला त्याचा राग यायचा. हे टेबल काय याच्या बापाचं कपाट आहे का, असं तो चहावाल्याला बोलूनही दाखवायचा. भिमाजीनं नोकरीवरून कायमचं जायच्या दिवशीदेखील शेवटचं घड्याळ उचललं, मनगटाला बांधलं आणि गेला. त्या संध्याकाळी महिपतीला टेबल मोठं वाटलं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय? बुर्णूनं सुस्कारा सोडला. “सुटलास बाबा उद्यापासून,” महिपती हळूच म्हणाला.

रविवारी सकाळी ओंकारनं गाडीचं मागचं दार उघडलं आणि बुर्णू कुणी बोलवायच्या आत उडी मारून आत बसला. लीलाबाईनं डबा दिला होता, त्यात चुरलेली भाकरी आणि दूध वेगळ्या बाटलीत. ती फाटकापर्यंत आली नाही. दारातूनच म्हणाली, “सोडून या, पन त्याच्या देकत निगू नका.” महिपतीनं मान हलवली. तसा तो नुसता बुर्णूची सतरंजी, ताट आणि पट्टा पोचवायला चालला होता; सामान आहे, पोरं काय काय धरतील, असं त्यानं आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. त्या उडीनं मात्र त्याचं उरलंसुरलं अवसानही गेलं. इतकं सहज? मागं वळून घराकडे एक नजरसुद्धा नाही? कामशेत गेलं, कार्ल्याचा फाटा गेला, डोंगरांच्या अंगावर वणव्यानं ओढलेले काळे पट्टे दिसायला लागले, आणि बुर्णू खिडकीला नाक लावून, पाठ महिपतीच्या मांडीला रेटून, सगळा मावळ स्वतःच्या मालकीचा असल्यासारखा बघत होता. पुढून स्नेहल मधूनमधून वळून हात घालायची, तो हात तो चाटायचा, शेपूट गरगर फिरवायचा. महिपती ते मोजत होता. चार वेळा. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि त्यानं डोंगराकडे बघितलं.

लोणावळ्याचं घर चांगलं होतं. कौलारू, पुढं मोकळं अंगण, शेजारणीच्या चार कोंबड्या तारेपलीकडे. बुर्णूनं सगळे कोपरे हुंगले, दोन ठिकाणी सही केली आणि पडवीच्या पायरीवर महिपतीच्या पायाशी येऊन बसला, पाठ करून, कोंबड्यांकडे तोंड. ओंकारनं चहा केला. नव्या घरातला पहिला चहा, साखर जास्त पडलेला. महिपतीनं तो पिऊन टाकला, कप आत नेऊन विसळला आणि स्नेहलला खुणेनंच सांगितलं, निघतो. तिनं सोडायला येते म्हटलं, तर नको, चौकात गाडी मिळते म्हणाला. मागच्या दारानं बाहेर पडून घराला वळसा घातला. तारेशी येऊन एकदा बघितलं. बुर्णू तसाच बसला होता, निवांत, कान तेवढा एक मागं वळलेला. त्यानं मान वळवली नाही. ठीक आहे, महिपतीनं मनात म्हटलं, हजेरी संपली.

चौकात सोमाटण्याकडे जाणारी जीप भरायची होती. पाच माणसं झाली होती, ड्रायव्हरला दहा हवी होती. महिपती चिक्कीच्या दुकानाच्या सावलीत उभा राहिला. रविवारची गर्दी होती, मुंबईची माणसं पिशव्या भरभरून घेत होती. त्याला आपले पाय विचित्र वाटत होते. हलके, आणि हलके असून चांगले वाटत नव्हते. थोड्या वेळानं लक्षात आलं, की तीन वर्षांत तो कुठंही थांबला की कुणीतरी नडगीला टेकायचं, आणि त्यामुळं तो नकळत एका बाजूला रेटा देऊन उभा राहायला शिकला होता. आता रेटा द्यायला पलीकडे काही नव्हतं. म्हातारपणी असं उभं राहायचं पुन्हा शिकावं लागणार. त्याला हसू आलं. जीपमध्ये नऊ माणसं झाली. तेवढ्यात फोन वाजला.

“बाबा, कुठं पोचलात?” स्नेहलचा आवाज दबका होता. चौकातच आहे, असं त्यानं सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही गेलात ते त्याला कळलंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“तो बसला होता ना पाठ करून. तुम्ही मागंच आहात असं समजून बसला होता. चांगली दहा मिनिटं. मग रेलायला गेला आणि आडवाच पडला, बाबा. मागं कुणी नाही म्हटल्यावर... तेव्हापासून घर हुंगतोय. प्रत्येक खोली. न्हाणीघराच्या दाराशी जाऊन बसतो, आत कुणी नाही तरी बसतो. डब्यातल्या भाकरीला तोंड लावलं नाही. मी हाक मारली की शेपूट हलवतो बिचारा, आणि परत उठून जातो. काय करू मी?”

“येतो,” महिपती म्हणाला. जीपच्या ड्रायव्हरनं विचारलं, आबा, बसताय ना, आता एकच कमी आहे. महिपती त्याच्याकडे बघून हसला, खरं म्हणजे त्याच्यातून कुठंतरी आरपार बघून, आणि चालायला लागला. चढ होता. तो दम लागेपर्यंत भरभर चालला, आणि चालता चालता तीन वर्षांचं मस्टर त्याच्या डोक्यात एकेका पानानं उलटं व्हायला लागलं. पाठ. म्हणजे मागची बाजू मला देऊन तो पुढची राखत होता. मागून काही यायचं असेल तर ते माझ्या अंगावरून येणार होतं, म्हणून तिकडं बघायची त्याला गरज नव्हती. गाडीत उडी मारली ती घर सोडायला नव्हे; मी चढणारच, हे तो धरूनच चालला होता. आणि तो सुस्कारा. अरे देवा, तो सुस्कारा. दिवसभराचं काम आटपून, पाणी पिऊन, आपल्या खाटेवर पडल्यावर माणूस सोडतो तो सुस्कारा, आणि मी त्याला लेट मार्क देत बसलो. एका रिक्षावाल्यानं हळू करून विचारलं, काका, सोडू का? महिपती नाही म्हणाला आणि पुढं गेल्यावर त्याला कळलं, की आपण मोठ्यानं हसतोय. लाज वाटत होती, तरी हसू थांबत नव्हतं. इतकं बरं त्याला पोटाचं ऑपरेशन नीट झालं तेव्हाही वाटलं नव्हतं.

फाटकापासून पन्नास पावलांवर असताना बुर्णूला वास लागला असावा. आधी तारेपाशी एक किंकाळी झाली. ओंकारनं फाटक उघडलं आणि ते कुत्रं सुटलं, रस्त्यावरून, कान मागं पडलेले, आणि महिपतीच्या छातीवर येऊन आदळलं. तो मागं बसलाच, धुळीत. मग सगळं झालं. रडणं झालं, नाकातून, सूर धरून. हनुवटी झाली, कान झाला, चष्मा उडाला. त्याच्याभोवती फेऱ्या झाल्या, आणि पायजमा ओला झाला. तीन वर्षं महिपतीला जे मनातून हवं होतं, ज्याची वाट बघतोय हे त्यानं लीलाबाईलाच काय, स्वतःलाही कळू दिलं नव्हतं, ते सगळं एका दमात, भरभरून, त्याच्या अंगावर पडत होतं. त्यानं कुत्र्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. आतलं काळीज असं धडधडत होतं की हाताला मार लागावा. त्याच्या चारही पायांना कापरं भरलं होतं. हे असं असतं होय, महिपतीला वाटलं. कारखान्याच्या गेटवर कुणी बाहेरचा आला की सिक्युरिटीवाला सलाम ठोकायचा, वहीत नाव लिहायचा, छातीला पास लावायचा, खुर्ची, चहा. रोज येणारा भिमाजी मात्र कुणी न बघता आत जायचा, कारण तो आतलाच होता. पास बाहेरच्याला. आपल्याला आज पास मिळाला, महिपतीनं मनात म्हटलं. तासभर बाहेरचे झालो म्हणून मिळाला. आणि त्याला ते नको झालं. एवढा आनंद व्हायला आधी किती भ्यावं लागतं, ते त्याच्या हाताखाली धडधडत होतं. “पुरे,” तो कुत्र्याच्या कानात म्हणाला, “पुरे रे. पुन्यांदा असं न्हाई करायचं आपून.” कुठल्या बोलीत बोललो हे त्याच्या ध्यानात आलं नाही. काचेच्या खोलीत बसायला लागल्यापासून त्यानं ती बोली बाहेर ठेवली होती.

स्नेहल फाटकात उभी होती. तिनं चष्मा उचलून ओढणीनं पुसला आणि त्याच्या हातात दिला. “काल माझ्यावरही असाच उडाला होता,” ती म्हणाली. महिपतीनं चष्मा कानांवर चढवला. पोर हुशार होती, तिला सांगायची गरज नव्हती. “मला वाटलं, मी किती आवडते त्याला.”

“आवडतेसच की. तीन वर्षं साठवून ठेवलं होतं त्यानं.”

“आणि तुमचं तासाभरात साठलं.” ती हसली, पण डोळे हसले नाहीत. मग धुळीतच त्याच्यासमोर उकिडवी बसली, लहानपणी गोट्या खेळताना बसायची तशी. “बाबा, खरं सांगा आता. फोनवर सांगता तसं नाही. कुत्रा कुणाचा आहे?”

तयार वाक्य जिभेवर आलं होतं. तीन वर्षं वापरून ते इतकं गुळगुळीत झालं होतं की आपोआप घरंगळलं असतं. महिपतीनं ते गिळलं. “माझा हाय,” तो म्हणाला.

“मग इतके दिवस बोलला का नाहीत?”

“मलाच कुटं ठावं व्हतं.”

ओंकार मागं उभा राहून हसायला लागला, स्नेहलही हसली आणि या वेळी तिचे डोळे भरून वाहिले. तिनं बुर्णूच्या डोक्यावर हात ठेवला, बुर्णूनं तो एकदा चाटला. तिनं काही तक्रार केली नाही. सतरंजी, ताट, पट्टा पुन्हा गाडीत गेले. बुर्णू आत चढला नाही. महिपती आधी बसला, तेव्हा त्याच्या मांडीवरून तुडवत चढला. ओंकारनं गाडी वळवली. स्नेहल पुढून म्हणत होती, आता आम्ही जवळच आहोत, येत जाऊ, ब्रूनोला भेटायला महिन्यातून एकदा तरी नक्की येत जाऊ. महिपती तिच्या मानेकडे बघत होता. काल ती आली तेव्हा लीलाबाईनं ठेवणीतले कप काढले होते आणि आपण पायरीवरून उठून तिला खुर्ची दिली होती. स्वतःच्या पोरीला. आणि तिनंही ती घेतली होती, टोकावर बसून, पिशवी मांडीवर ठेवून.

चौकात गाडी हळू झाली. आईला चिक्की घेऊन येते, पाचच मिनिटं, असं म्हणत स्नेहलनं दाराला हात घातला.

“चिक्की कशाला?” महिपती म्हणाला. आवाज इतका चढला, की बुर्णूनंही वळून बघितलं. “गप बस खाली. पावनी हायेस व्हय तू?”

दाराच्या कडीवरचा हात तसाच राहिला. तिला असं कुणी दटावून तीन वर्षं झाली होती. मग तिनं दार ओढून लावून घेतलं, चपला काढल्या, पाय वर सीटवर घेतले आणि मागं न बघता म्हणाली, “बाबा, भूक लागलीय. आईला फोन करा, पिठलं टाक म्हणावं.”